‘किन’ने संपणारे जुने इंग्रजी शब्द : कुठे लहानपण खरे, कुठे नुसता भास

प्रश्न असा आहे : जुन्या इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर करताना फर्किन, किल्डर्किन, पिपकिन, बॉडकिन, ग्रिमॉल्किन असे शब्द वारंवार आडवे येतात. ‘किन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे असे व्याकरणाच्या पुस्तकांत वाचलेले असते. मग अशा प्रत्येक शब्दाआधी ‘लहान’ किंवा ‘चिमुकले’ असे विशेषण लावावे काय, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातले नॅपकिन, जर्किन, पंपकिन हेही याच घराण्यातले मानावेत काय?

जुन्या इंग्रजी पत्रव्यवहाराची आणि प्रवासवर्णनांची भाषांतरे करण्यात व तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर आधीच सांगून टाकतो : विशेषण लावू नये. शब्दाच्या शेवटी ‘किन’ दिसणे हा लहानपणाचा पुरावा नव्हे. ते फक्त चौकशीला लागण्याचे कारण आहे. यांतले काही शब्द डच भाषेतून लघुत्वासकट तयार होऊन आले, काही इंग्रजीने त्या धर्तीवर स्वतः घडवले, आणि बऱ्याच शब्दांच्या अंगाला हा प्रत्यय उच्चाराच्या ओघात चिकटला, नाहीतर तो तेथे प्रत्यय म्हणून मुळी नाहीच. जे शब्द खरोखर डचमधून आले त्यांचेही लहानपण बहुधा समुद्रापलीकडेच राहिले. इंग्लंडच्या धक्क्यावर उतरताना ते एका ठरावीक मापाचे किंवा ठरावीक वस्तूचे नाव होऊन उतरले.

अकराव्या शतकापूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत हा प्रत्यय सापडत नाही. तो फ्लँडर्स, ब्रबांट आणि हॉलंड या (आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सकडच्या) प्रदेशांतल्या मध्ययुगीन डच बोलींचा आहे, आणि जर्मन भाषेतला ‘शेन’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी हा शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतो आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी, असा प्रश्न पडतो. हा प्रत्यय लागलेले नाम जर्मनमध्ये नेहमी नपुंसकलिंगी असते. कोकरू, वासरू, लेकरू, पिल्लू यांना नपुंसकलिंगात ठेवणाऱ्या मराठी माणसाला त्यात फारसे नवल वाटू नये. गंमत अशी की प्रमाण डचने पुढे हा प्रत्यय जवळजवळ टाकून दिला आणि ‘त्ये’, ‘ये’ अशी निराळी रूपे स्वीकारली. ‘केन’ उरला तो दक्षिणेकडच्या बोलींत. ब्रुसेल्सच्या चौकात लघवी करणाऱ्या बालकाचा जो ब्राँझचा पुतळा १६१९ साली घडवला गेला, त्याच्या ‘मानेकेन’ या नावात तोच जुना प्रत्यय आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रत्यय सर्वप्रथम दिसतो तो माणसांच्या नावांत. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कागदपत्रांत विल्किन, वॉटकिन, जेनकिन, मॉल्किन अशी नावे येऊ लागतात. फ्लँडर्सशी इंग्लंडचा लोकरीचा व्यापार जुना, विजेत्या विल्यमची राणी माटिल्डा फ्लँडर्सची, आणि पुढे १३३१ साली तिसऱ्या एडवर्डने जॉन केम्प या फ्लँडर्सच्या विणकराला संरक्षणपत्र देऊन आपला धंदा इंग्लंडात आणू दिला. असे येणेजाणे चालू असताना नावे हाक मारण्याच्या रूपात इकडे आली, यात आश्चर्य नाही. विल्यमचा विल्किन, वॉल्टरचा वॉटकिन, जॉनचा जेनकिन, पीटरचा पर्किन, रॉबर्टला ‘हॉब’ म्हणत म्हणून त्याचा हॉपकिन, रॉजरला ‘हॉज’ म्हणत म्हणून हॉजकिन, रिचर्डचा डिकिन. पंधराव्या शतकापासून पाळण्यातली नावे म्हणून ही मागे पडली, पण ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थाचा ‘स’ लावून आडनावांत कायम बसली : विल्किन्स, वॉटकिन्स, जेनकिन्स, पर्किन्स, हॉपकिन्स, डिकन्स. भगवद्गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर १७८५ साली प्रसिद्ध करणारे चार्ल्स विल्किन्स हे नावाने ‘विल्याचे’ निघतात, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरवरचे हॉकिन्स हे आडनावही बहुधा हॅरीच्या अशाच एका बोलीरूपातून निघालेले आहे. आडनावांत मात्र भाषांतरकाराने हात घालू नये. तेथे अर्थ शोधणे हा छंद आहे, काम नव्हे. अपवाद एकच, आणि तो ‘डिकन्स’चा. ‘व्हॉट द डिकन्स’ या उद्गारातला डिकन्स हा सैतानाचे नाव टाळण्यासाठी वापरलेला पर्यायी शब्द आहे. तो शेक्सपिअरच्या नाटकात येतो, म्हणजे त्या नावाच्या कादंबरीकाराच्या जन्मापूर्वी दोनशे वर्षे. त्याचे भाषांतर ‘हे काय भलतेच’ अशा अंगानेच व्हायला हवे.

नावांतून सामान्यनामे कशी होतात ते ‘मॉल्किन’वरून चांगले दिसते. माटिल्डाचे बोलीरूप ‘मॉड’ किंवा ‘मॉल्ड’, त्याला ‘किन’ लागून मॉल्किन. मराठी कानाला हा शब्द ‘मालकीण’ ऐकू येतो. प्रत्यक्षात तो नेमका उलट्या टोकाला गेला, आणि गबाळी मोलकरीण, भट्टी पुसायचे फडके, शेतातले बुजगावणे अशा अर्थांनी वापरला जाऊ लागला. स्कॉटलंडात तो सशाला लावतात. करड्या रंगासाठी ‘ग्रे’ आणि पुढे मॉल्किन मिळून ‘ग्रिमॉल्किन’ झाला, म्हणजे करडी म्हातारी मांजर. ‘मॅकबेथ’च्या पहिल्याच प्रवेशात चेटकीण आपल्या मांजराला याच नावाने साद घालते. येथे लघुत्व कोठेच उरलेले नाही. मराठीत ‘करडी बोकी’ किंवा म्हातारीला तिरस्काराने बोलायचे असल्यास ‘थेरडी’ हे त्याला जवळचे. ‘चिमुकली मांजर’ म्हणाल तर चेटकिणीचा सगळा दरारा गेला.

माणसांच्या मागोमाग माल आला, आणि माझ्या मते या प्रत्ययाचा खरा इतिहास पिंपांत आणि पोत्यांत आहे. ‘फर्किन’ घ्या. मध्ययुगीन डचमध्ये ‘चौथा’ या अर्थाच्या शब्दाला हा प्रत्यय लागून तो बनला. एका बॅरलचा चौथा हिस्सा मावेल असे पिंप म्हणजे फर्किन. येथे प्रत्यय ‘गोंडस’ असे सांगत नाही. तो ‘पूर्ण मापाचा अंश’ असे सांगतो, आपल्याकडे रुपयाच्या चौथ्या भागाला पावली म्हणत त्याच रीतीने. १५३१ च्या इंग्लिश कायद्याने बिअरचे बॅरल ३६ गॅलनांचे ठरवले, त्यामुळे बिअरचे फर्किन ९ गॅलनांचे झाले. हॉप ही कडवट चवीची फुले न घालता केलेल्या जुन्या धर्तीच्या ‘एल’चे बॅरल मात्र ३२ गॅलनांचे होते, म्हणून एलचे फर्किन ८ गॅलनांचे. आणि लोणी भरण्याचे फर्किन तर वजनाने मोजत, ५६ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो. पंचवीस किलो लोण्याच्या भांड्याला ‘चिमुकले पिंप’ म्हणणारे भाषांतर मी तपासणीत पाहिलेले आहे. भाषांतरकाराने प्रत्ययाचा नियम पाळला होता आणि पिंप उचलून पाहिले नव्हते.

फर्किन हे मेलेले माप नाही. ब्रिटनमधल्या ज्या पबांत पिंपातच मुरणारी एल विकतात, तेथे तळघरात आजही ९ गॅलनांचे, म्हणजे सुमारे ४१ लिटरांचे फर्किन येते; लाकडाची जागा बहुधा धातूने घेतली आहे इतकेच. ते आडवे निजवून ठेवतात, म्हणजे गाळ पोटात खाली बसतो, वरच्या भोकातल्या खुंटीने आतला वायू बेताने सोडतात, आणि पेय संपत आले की पिंप मागून हलकेच उचलून कलते करतात. एकदा तोटी बसवली की हे पेय काही दिवसांतच उतरते, म्हणून कमी खपाचा दुकानदार मोठ्या पिंपाच्या नादी लागत नाही. फर्किन टिकले ते या हिशेबामुळे. संगणकवाल्यांनी थट्टेने जी ‘फर्लाँग–फर्किन–फॉर्टनाइट’ मापनपद्धती काढली, तिच्यातही वस्तुमानाचे एकक म्हणून हेच फर्किन बसवले आहे, फर्किनभर पाण्याचे नव्वद पौंड धरून.

फर्किनच्या दुप्पट माप ते किल्डर्किन, म्हणजे अर्धे बॅरल. या शब्दात ‘किंडर’ म्हणजे मुले दडलेली आहेत असे जर्मन जाणणाऱ्यांना वाटते, आणि जुन्या डच रूपांत तसा भासही होतो. पण कोशकार त्याचा संबंध ‘क्विंटल’शी जोडतात. लॅटिनमधला शंभर या अर्थाचा शब्द अरबीत ‘किंतार’ झाला, तेथून युरोपातल्या बाजारांत ‘क्विंटल’ आणि ‘किंताल’ होऊन परत आला, आणि डच व्यापाऱ्यांनी त्याला आपला लघुत्वप्रत्यय लावला. इंग्रजांच्या तोंडी ‘न’चा ‘ल’ होऊन किल्डर्किन उरले. बाजार समितीत कांद्याचा भाव ज्या क्विंटलने बोलतात तो आणि लंडनच्या तळघरातले किल्डर्किन एका मुळाचे आहेत, हे ऐकून विश्वास बसत नाही, पण मापांचे शब्द व्यापाऱ्यांबरोबर फार लांबचा प्रवास करतात.

याच रांगेत स्कॉटलंडचे मचकिन बसते, स्कॉट पिंटाचा चौथा भाग, सव्वाचारशे मिलिलिटरांच्या आसपास. डॉडकिन हे डच ‘डॉइट’ या हलक्या नाण्याचे लघुरूप. पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात अशा परक्या हलक्या नाण्यांवर कायद्याने बंदी घालावी लागली होती. ‘डॉडकिनच्याही लायकीचा नाही’ याचे मराठी ‘फुटक्या कवडीचाही नाही’ असे सरळ करावे. आणि सायडरकिन तर मला या सगळ्यांत जास्त आवडतो : सफरचंदांचा रस दाबून काढल्यावर उरलेल्या चोथ्यात पाणी घालून पुन्हा दाबले म्हणजे जे पातळ पेय निघते ते सायडरकिन. नारळाचा दाट रस काढून झाल्यावर त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून आपण दुसरा रस काढतो, तसेच ते. येथे प्रत्ययाने आकार नव्हे, कस कमी झाल्याचे सांगितले आहे. ‘छोटे सायडर’ असे भाषांतर झाले तर वाचकाला पेला लहान वाटेल, पेय पातळ वाटणार नाही.

प्रश्नातले पिपकिन हे मातीचे लहानसे भांडे, बहुधा एका दांडीचे आणि पुष्कळदा तीन पायांचे, निखाऱ्यावर ठेवण्याजोगे. त्याच्या मुळाविषयी एकमत नाही, पण भाषांतराला ते आडवे येत नाही, कारण मराठीत ‘बोळके’ हा शब्द तयार आहे आणि त्यात लहानपण आधीच आहे. ‘दांडीचे बोळके’ म्हटले की झाले.

नॅपकिन हा मात्र खरा वंशज आहे. फ्रेंच ‘नाप’ म्हणजे टेबलावरचे कापड, त्याचा लहान तुकडा तो नॅपकिन. नकाशासाठी इंग्रजीत जो ‘मॅप’ शब्द आहे तोही याच लॅटिन कापडाचा, आणि स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ हा मूळचा ‘नेप्रन’, ज्याचा पहिला ‘न’ आधीच्या उपपदाने गिळला. आपल्याकडे नॅपकिन म्हणजे हात-तोंड पुसायचा लहान टॉवेल. इंग्लंडात तो जेवणाच्या मेजावरचा, आणि बाळाच्या दुपट्याला लावताना त्याचेच ‘नॅपी’ झाले. १९५४ साली भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी वरिष्ठ वर्गाची बोली कशी ओळखावी यावर जो लेख लिहिला, त्यात ‘नॅपकिन’ म्हणणारे वरचे आणि ‘सर्व्हिएट’ म्हणणारे खालचे अशी विभागणी होती. भाषांतरकाराने सावध राहायचे ते सतराव्या शतकात, कारण तेव्हा नॅपकिन हा शब्द हातरुमालालाही लावत. ‘ऑथेल्लो’त ज्या रुमालावरून सारा अनर्थ ओढवतो, त्याला पात्रे काही ठिकाणी नॅपकिनच म्हणतात. त्या जागी मराठीतही ‘नॅपकिन’ ठेवला तर प्रेमाची खूण म्हणून दिलेली नाजूक वस्तू वॉशबेसिनजवळ टांगली जाईल.

‘कॅटकिन’चा जन्म तर जवळजवळ डोळ्यांसमोर झालेला आहे. १५७८ साली हेन्री लाइट यांनी डोडोएन्स या फ्लेमिश वैद्याच्या वनस्पतिग्रंथाचे इंग्रजी केले, तेव्हा विलो, अक्रोड, हेझल यांच्या लोंबत्या, मऊ लव असलेल्या फुलोऱ्यांना डचमध्ये ‘मांजराचे पिल्लू’ म्हणतात हे पाहून त्यांनी तोच शब्द इंग्रजी वळणाने उचलला. शास्त्रीय मराठीत यासाठी ‘नतकणिश’ हा शब्द आहे, आणि तुतीच्या वर्णनात तो भेटतो. वनस्पतीचे वर्णन असेल तर नतकणिश बिनतक्रार वापरावा. कवितेत मात्र ‘मांजराच्या शेपटीसारखे तुरे’ असे मोकळे लिहिणे मला बरे वाटते.

एकाच डच ‘मानेकेन’ची दोन इंग्रजी रूपे झाली, मॅनिकिन आणि मॅनेक्विन. पहिले थेट आले, दुसरे पॅरिसच्या शिंप्यांकडून वळसा घेऊन. परिचारिका ज्या पुतळ्यावर हृदय दाबण्याचा सराव करतात तो मॅनिकिन, आणि कपड्यांच्या दुकानाबाहेर उभा तो मॅनेक्विन. अंतर्वस्त्रे घातलेल्या या दुसऱ्या प्रकारावर बंदी घालावी असा ठराव मुंबई महापालिकेत २०१३ साली झाला होता. पण जुन्या नाटकांत मॅनिकिन म्हणजे टीचभर पुरुष किंवा कुणाच्या हातचे बाहुले. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी ज्याच्या पैशांवर मजा मारतो त्या मित्राला त्याचे मॅनिकिन म्हटले आहे. तेथे ‘बुटका’ लिहून भागत नाही. ‘हातचे बाहुले’ हाच अर्थ टोचतो. ‘मिनिकिन’ हा शब्द दिसायला याचा जुळा, पण त्याचे मूळ डच ‘मिने’ म्हणजे प्रेम. तो आधी ‘लाडकी’ होता, मग नाजूक वस्तूंना लागला, आणि पुढे ल्यूट वाद्याच्या सर्वांत बारीक तारेला व सर्वांत बारीक टाचणीला तेच नाव पडले. आजच्या ‘मिनी’शी त्याचे नाते नाही.

प्रश्नातला ‘बॉडकिन’ सर्वांत धोक्याचा, कारण एकाच नाटकात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा निराळा असतो. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात, जगावे की मरावे हा विचार करताना, एका उघड्या बॉडकिनने सगळा हिशेब मिटवता येईल असे राजपुत्र म्हणतो. हा बॉडकिन म्हणजे खंजीर किंवा टोकदार सळई. त्याची जुनी लिखित रूपे उच्चारात तीन अक्षरांची आहेत आणि व्युत्पत्ती लागलेली नाही, त्यामुळे येथे ‘किन’ प्रत्यय आहे असे धरताच येत नाही. पण त्याआधी, दुसऱ्या अंकात, नटांना त्यांच्या लायकीप्रमाणे वागवतो असे पोलोनियस म्हणतो तेव्हा हॅम्लेट देवाच्या शपथेचा एक उद्गार काढतो. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात तेथे ‘बॉडिकिन्स’ छापले आहे आणि त्याआधीच्या एका छापील प्रतीत ‘बॉडकिन’. ही ‘बॉडी’, म्हणजे देवाचे शरीर, आणि तिला लागलेला हा आपला प्रत्यय. ख्रिस्ताच्या देहाची उघड शपथ घेणे पाप, म्हणून शब्द लाडाने वाकडा करून घेतलेली ती पळवाट आहे. ‘आमच्या माउलीची (येशूच्या आईची) आण’ या अर्थाचा ‘लेकिन’ हाही तसाच, ‘लेडिकिन’चा आखडलेला. म्हणजे पहिल्या जागी पाते आहे, दुसऱ्या जागी शपथ, आणि प्रत्यय खरा आहे तो दुसऱ्या जागी, जेथे लघुत्वाचा आकाराशी काही संबंध नाही. मराठीत ‘देवाशपथ’, ‘आईशप्पथ’ अशी बोलीतली शपथ तेथे चालते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या घरगुती मजकुरात तर बॉडकिन म्हणजे परकराची नाडी ओवायची बोथट, मोठ्या नेढ्याची सुई, आणि छापखान्यात अक्षरे जुळवणारा जुळारी अक्षराचा चुकलेला खिळा उचलायला वापरतो तो टोच्या. आता ‘दोघांच्या मध्ये बॉडकिन होऊन बसणे’ म्हणजे गाडीत दोन माणसांच्या मध्ये अंग चोरून बसणे, हे ओघाने कळते.

राहिले तोतये. पंपकिन हा त्यांचा म्होरक्या. ग्रीकमध्ये ‘पेपोन’ म्हणजे उन्हात पिकलेले फळ; ‘पच्’ धातूपासूनचे आपले पक्व आणि पिकणे यांच्याशी त्याचे मूळ एकच आहे. लॅटिन व फ्रेंच वळणे घेत तो इंग्रजीत ‘पंपियन’ झाला, आणि सतराव्या शतकात, अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांच्या तोंडी, ओळखीच्या शेवटाकडे झुकून पंपकिन बनला. दोघांनी उचलावा लागणारा भोपळा लघुत्वाचा प्रत्यय मिरवतो तो असा. उलट त्याच कुळातली लोणच्याची चिमुकली काकडी, जिच्या नावाने लंडनमधली एक उंच इमारत प्रसिद्ध आहे, ते घेर्किन डचमधल्या खऱ्या लघुरूपावरून आले आहे. कर्नाटकातले शेतकरी ती कराराने पिकवतात आणि तिचा मोठा भाग बाटल्यांतून परदेशी जातो.

जर्किन हा शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभी एकाएकी अवतरतो आणि त्याचे मूळ ठरलेले नाही. डचमधल्या झग्याच्या शब्दाशी त्याची सांगड घालून पाहिली गेली, पण तो डच शब्दच जर्किननंतरचा निघाला. भाषांतरात खरी अडचण निराळीच आहे : मराठीत जर्किन म्हणजे थंडीत दुचाकीवर घालायचे, लांब बाह्यांचे, चेनचे जाकीट, आणि ट्यूडर काळातले, म्हणजे सोळाव्या शतकातले, जर्किन म्हणजे बहुधा बिनबाह्यांचे, अंगासरशी बसणारे कातडी वस्त्र. आपल्याकडे ‘बंडी’ आहे. ‘कातडी बंडी’ लिहावे. आकाश या अर्थाचा काव्यातला ‘वेल्किन’ हा प्राचीन इंग्रजीतला ढगवाचक शब्द आहे, त्यात प्रत्यय नाही. ‘पॅलँक्विन’ तर आपली पालखीच. संस्कृत पल्यंकाच्या वंशातला हा शब्द आशियातल्या बोलींतून पोर्तुगिजांनी उचलला आणि त्याचा शेवट त्यांच्या भाषेच्या वळणाचा आहे. ‘नँकीन’ हे कापड नानकिंग शहराचे. ‘बम्प्किन’विषयी मात्र निर्णय राखून ठेवावा लागतो : डचमधले ‘लहान झाड’ आणि ‘लहान पिंप’ असे दोन्ही शब्द त्याचे मूळ म्हणून सुचवले गेले आहेत, आणि १५७० च्या एका इंग्रजी–लॅटिन कोशात त्याच्यापुढे ‘डच माणूस’ असाच अर्थ दिला आहे. शेजाऱ्याला हिणवण्यासाठी त्याचाच प्रत्यय वापरला, असे दिसते. मराठीत ‘गावंढळ’ पुरेसा आहे.

खऱ्या लघुत्वासाठी मराठीत काय वापरावे, तर शक्यतो निराळे विशेषण नको. आपल्या भाषेत लिंग बदलले की आकार बदलतो : हंडा–हंडी, कळसा–कळशी, बुधला–बुधली. म्हणून शेक्सपिअरच्या पिणाऱ्यांच्या गाण्यातल्या कॅनिकिनला किंवा खलाशांच्या पॅनिकिनला ‘छोटे भांडे’ न म्हणता ‘लोटी’, ‘टमरेल’ म्हणता येते. माया दाखवणाऱ्या लॅम्बकिनसाठी ‘कोकरू’ हा नपुंसकलिंगी शब्द स्वतःच पुरतो, आणि माणसाला उद्देशून असेल तर सोनुले, छकुले, तान्हुले यांतला ‘उले’ कामी येतो. तिरस्कारासाठी ‘ड’ आहे, म्हातारडा–बापुडा यांतला. पण तो जपून वापरावा, कारण इंग्रजीत तिरस्काराचे काम ‘किन’पेक्षा ‘लिंग’ (-ling) हा इंग्रजी प्रत्यय अधिक करतो, आणि नवीन लहान वस्तूंना नावे देताना ‘लेट’ वापरतात. ‘किन’ने नवे शब्द घडणे जवळपास थांबले आहे. १९०० साली एका अमेरिकी बालकथेत ‘मंचकिन’ नावाचे बुटके लोक आले, ते या प्रत्ययाने मिळवलेले शेवटचे मोठे यश. आज लाडक्या मुलाला आणि आखूड पायांच्या मांजरांच्या एका जातीला ते नाव लावतात.

मापांचे शब्द मराठीत तसेच ठेवावेत, ‘फर्किन’, ‘किल्डर्किन’, ‘मचकिन’, आणि पहिल्या उल्लेखापाशी तळटीप द्यावी. मात्र टीप लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात, माल कोणता आणि साल कोणते. जहाजाच्या शिधायादीत एकाखाली एक आलेल्या दोन फर्किनांपैकी एक बिअरचे आणि एक लोण्याचे असू शकते, आणि मग पहिल्यापुढे लिटर व दुसऱ्यापुढे किलो लिहावे लागतात. १८२४ च्या कायद्याने इंपीरियल गॅलन ठरण्यापूर्वीच्या मजकुरात बिअर-एल मोजायचा गॅलनच किंचित मोठा होता, तेव्हा बिअरचे फर्किन एक्केचाळीस लिटरांच्या थोडे वर जाते आणि एलचे सदतिसाच्या आसपास राहते. यादीत नुसतेच ‘फर्किन’ असेल आणि मालाचा उल्लेख नसेल, तर टीपेत आकडा न देता ‘बॅरलचा चौथा भाग’ एवढेच लिहावे.